सान लोरेंझोच्या माँटेसरीबाई

(तृतीय वर्ष, कला शाखा)

माँटेसरी हा शब्द मी आयुष्यात प्रथम वाचला तो एका पाटीवर. तेव्हा मी दुसरीत असेन. आमच्या वस्तीतून बाहेर पडले की मोठा रस्ता लागतो. त्या रस्त्यापलीकडच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर रंगीत भिंतींची बालवाडी होती आणि तिच्या दारावर हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. सकाळी तिथे मोटारी थांबत. त्यांतून बूट-मोजे घातलेली मुले उतरत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझी आई एका घरचे तान्हे मूल सांभाळायला जात असे. माँटेसरी म्हणजे मोटारीतून येणाऱ्या मुलांची शाळा, असा अर्थ मी तेव्हा मनाशी लावला आणि पुढे कित्येक वर्षे तो तसाच राहिला.

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी शहरातील गरीब वस्त्यांमधले बालसंगोपन हा विषय घेतला. ग्रंथालयात पुस्तके चाळताना कळले, की ज्या बाईंचे आडनाव त्या पाटीवर होते, त्यांनी आपली पहिली शाळा श्रीमंतांच्या मुलांसाठी काढलेली नव्हती. ती निघाली रोम शहरातल्या एका बदनाम वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत आणि चौकांत मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी! हे वाचून मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. आपलीच वस्तू कुणीतरी उचलून रस्त्यापलीकडे नेली, असे वाटले. त्या रागातूनच मी बाईंचे चरित्र शोधत गेले. ते मला जसे समजले तसे इथे सांगते.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना शहराजवळच्या किआरावाल्ले या लहानशा गावी झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकर आणि जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची आवड असणारी. मारिया त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोमला आले. १८७० या सालीच रोम नव्या इटलीत सामील झाले होते आणि पुढच्या वर्षी ते देशाची राजधानी झाले. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, बांधकामे आली आणि पोटासाठी खेड्यांतून येणारी माणसेही आली. मारिया मोठी होत होती आणि तिच्याबरोबर शहरही वाढत होते. पुढे या दोघांची गाठ पडणार होती.

मुलीने फार शिकायचे ठरवले तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत होती. मारियाने तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत नाव घातले. तिला इंजिनिअर व्हायचे होते. पुढे तो विचार बदलला आणि तिने वैद्यकीचा ध्यास घेतला. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. आई मात्र अखेरपर्यंत मुलीच्या पाठीशी उभी राहिली. वर्गातले सगळे विद्यार्थी पुरुष. त्यांच्या बरोबरीने एका तरुण स्त्रीने उघड्या मृतदेहाचे विच्छेदन करणे त्या समाजाला शोभणारे नव्हते. म्हणून बाकीचे विद्यार्थी निघून गेल्यावर मारियाला एकटीने, प्रेतांच्या सोबतीत, ते काम करावे लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतील पहिली स्त्री डॉक्टर असे तिच्याविषयी पुष्कळदा लिहिले जाते, पण ते खरे नाही. तिच्याआधीही मोजक्या स्त्रियांनी ही पदवी घेतली होती. परंतु म्हणून तिची वाट सोपी होती असेही नाही. त्याच वर्षी बर्लिनला भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ती इटलीची प्रतिनिधी म्हणून गेली आणि कष्टकरी स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, अशी बाजू तिने तिथे मांडली.

पदवीनंतर डॉक्टर माँटेसरी रोमच्या विद्यापीठातील मानसोपचार विभागात काम करू लागल्या. त्या कामासाठी त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तिथे मोठ्या माणसांबरोबरच मतिमंद मुलेही कोंडून ठेवलेली असत. एका ठिकाणची हकीकत सांगतात, ती अशी. जेवण झाल्यावर मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचत बसतात म्हणून तिथली राखणदार बाई किळस करीत होती. माँटेसरीबाईंनी खोलीत चारी बाजूंना पाहिले. त्या खोलीत हातात घेण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती! मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती. हाताला काही काम मिळाले तर या मुलांची बुद्धी जागी होईल, असे त्यांना वाटू लागले.

मग त्यांनी जुनी पुस्तके शोधली. जाँ इतार आणि त्यांचे शिष्य एदुआर सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांना शिकवण्यासाठी आयुष्य वेचले होते. बाईंनी त्यांचे ग्रंथ इटालियनमध्ये आणून स्वतःच्या हाताने उतरून काढले, कारण हाताने लिहिताना प्रत्येक शब्दाचा विचार करायला सवड मिळते. १९०० साली रोममध्ये मतिमंद मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था निघाली. तिच्या संचालकपदी माँटेसरीबाई आणि त्यांचे सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे मोंतेसानो हे दोघे होते. तिथे दिवसभर मुलांबरोबर राहायचे आणि रात्री टिपणे काढायची, असा बाईंचा क्रम होता. तिथली काही मुले लिहावाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी बाईंचा जयजयकार केला. बाईंना मात्र भलताच प्रश्न पडला. ही मुले जर इथवर येऊ शकतात, तर चांगली धडधाकट मुले शाळेत जाऊनही याच पातळीवर कशी राहतात? त्यांना कोण मागे खेचते?

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना माझा हात थोडा अडखळतो. ३१ मार्च १८९८ रोजी माँटेसरीबाईंना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. वडील डॉक्टर मोंतेसानो. दोघांचा विवाह झालेला नव्हता आणि पुढेही झाला नाही. मोंतेसानो यांनी १९०१ साली दुसरीशी लग्न केले आणि त्या सुमारास बाईंनी ती संस्था सोडली. कुमारी माता म्हणून जगापुढे येणे म्हणजे त्या काळात वैद्यकी, व्याख्याने, सगळे एका दिवसात संपणे. मूल गुपचूप खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवले गेले. आई अधूनमधून त्याला भेटून येई, पण आपण कोण हे तिने त्याला सांगितले नव्हते.

चरित्राच्या या पानावर मी बरेच दिवस थांबले. साऱ्या जगाच्या मुलांची काळजी वाहणाऱ्या बाईने स्वतःचे मूल दुसऱ्याच्या दारात ठेवावे? मैत्रिणींना सांगितले तेव्हा त्याही नाराज झाल्या. पण मग मला माझी आई आठवली. रस्त्यापलीकडच्या इमारतीत ती दुसऱ्यांचे तान्हे मूल अंगाखांद्यावर खेळवत होती, तेव्हा माझा धाकटा भाऊ शेजारच्या मावशींच्या खाटेवर निजलेला असे. मावशींना पापडाचे काम असे. भाऊ उठून रडू लागला की मी त्याला काखेत मारून दारात उभी राहत असे. मीच तेव्हा सात वर्षांची! माझ्या आईला कुणी निर्दय म्हटले तर मी ऐकून घेईन का? दोघींची कारणे निराळी होती. एकीला लोकलाजेने मूल दूर करावे लागले, दुसरीला पोटाने. पण ज्या आईला मूल जवळ ठेवता येत नाही तिला दोष देणे सोपे असते, आणि तिच्यासाठी व्यवस्था उभी करणे अवघड असते. माँटेसरीबाईंनी पुढे जे केले ते हे अवघड काम होते.

आता आपण सान लोरेंझोत जाऊ. रोमच्या जुन्या तटाबाहेर, एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला शहराची मोठी दफनभूमी, यांच्या मध्ये ही वस्ती आहे. १८८४ ते १८८८ या काळात रोममध्ये बांधकामाची एकच घाई उडाली होती. झटपट पैसा करण्यासाठी मोठमोठ्या चाळी उभ्या राहू लागल्या. मग पत कोसळली, बँका बुडाल्या आणि इमारती अर्धवट राहिल्या. त्या अर्ध्यामुर्ध्या घरांत गरीब माणसे शिरली. पाच-सहा खोल्यांची एकेक जागा एकजण भाड्याने घेई, तो तिची एकेक खोली दुसऱ्या कुटुंबाला देई आणि ते कुटुंब पुन्हा खोलीतला एखादा कोपरा तिसऱ्याला देई. जागा अंधारी, गर्दी अपार, पोलिसांची ये-जा. पोटभाडेकरू हा प्रकार मुंबईच्या चाळींत आणि झोपड्यांत राहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

एका घरबांधणी संस्थेने या वस्तीतील ५८ इमारती ताब्यात घेऊन त्या सुधारायचे ठरवले. त्यांत सुमारे १,६०० लहान घरे होती. जागांची नीट विभागणी झाली, उजेड-वारा आला. पण दिवसा एक नवीन अडचण उभी राहिली. आईबाप कामावर, थोडी मोठी भावंडे शाळेत आणि तीन ते सहा वर्षांची मुले मागे मोकळी. ती नव्या भिंती खरवडत, जिन्यांत घाण करीत. संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी हिशेब केला. दुरुस्तीवर जो पैसा जाणार, त्यातच या मुलांना इमारतीतल्या एका खोलीत एकत्र सांभाळता येईल. १९०६ साली त्यांनी हे काम माँटेसरीबाईंकडे आणले. म्हणजे ज्या शाळेने पुढे जगभर नाव कमावले, तिच्या मुळाशी भिंतींच्या रंगरंगोटीचा खर्च होता! तालामो यांना भिंती वाचवायच्या होत्या. बाईंना निराळेच काही दिसत होते. धडधाकट मुलांविषयीचा त्यांचा जुना प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

६ जानेवारी १९०७ रोजी, एपिफनीच्या सणाच्या दिवशी, मार्सी रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत ही खोली उघडली. मुले पन्नासच्या आसपास. काही रडणारी, काही भेदरलेली, कुणाशी न बोलणारी. बाईंच्या एका मैत्रिणीने या जागेला नाव सुचवले, कासा देई बांबिनी, म्हणजे बालकांचे घर. शाळा नव्हे, घर. हा शब्द महत्त्वाचा आहे. ही खोली आयांच्या राहत्या इमारतीत होती. आई कामावर जाताना मूल तिथे सोडी आणि परत येताना घेऊन जाई. मधल्या वेळात येऊन डोकावायची तिला मुभा होती. देखरेख करणाऱ्या बाईने त्याच इमारतीत राहायचे, असा नियम होता. आयांनी आठवड्यातून एकदा तरी तिला भेटून मुलाविषयी बोलायचे, हाही नियम होता. मुलांची उंची आणि वजन नोंदले जाई. पैसे घेतले जात नसत.

आणखी एक नियम भिंतीवर लावलेला होता. मूल अस्वच्छ किंवा मळक्या कपड्यांत आले तर त्याला काढून टाकले जाईल. हे वाचून मी चमकले. मी चार वर्षांची असताना चिखलाने भरलेला फ्रॉक घालून एका बालवाडीत गेले होते आणि मला दारातूनच परत पाठवले होते. आमच्या नळाला पहाटे पाचला पाणी येई आणि तासाभरात जाई. त्या दिवशी आई रांगेत उभी राहून रिकामी कळशी घेऊन परतली होती. परत पाठवणाऱ्या बाईंना हे ठाऊक नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाही. माँटेसरीबाईंचा नियमही मला सुरुवातीला असाच वाटला. नंतर लक्षात आले की सान लोरेंझोत आधी घरे दुरुस्त झाली होती आणि मगच स्वच्छतेची अट आली होती. क्रम उलटा झाला की नियमाची शिक्षा होते. तरीही माझे मत असे आहे, की चार वर्षांच्या मुलाला आईच्या चुकीसाठी काढून टाकणे बाईंच्याच विचारात बसणारे नव्हते. थोरांच्या चरित्रात जे पटत नाही ते पटत नाही म्हणावे, असे आमचे सर नेहमी सांगतात.

त्या खोलीत काय घडले? पहिल्याने तर फारसे काही घडले नाही. देखरेखीसाठी ठेवलेल्या बाईला शिक्षिकेचे प्रशिक्षण नव्हते आणि माँटेसरीबाईंना ते बरेच वाटले. त्यांनी मतिमंद मुलांसाठी तयार केलेले साहित्य तिथे ठेवले. लाकडी ठोकळ्यात बसणारे लहानमोठे दट्टे, रंगांच्या पट्ट्या, आकार. आणि त्या पाहत राहिल्या. बाईंच्या साऱ्या कर्तृत्वाचे वर्णन एका शब्दात करायचे तर तो शब्द पाहणे हाच आहे. दुसरे लोक या मुलांकडे बघत तेव्हा त्यांना घाण, दारिद्र्य आणि भावी गुन्हेगार दिसत. बाईंनी डॉक्टरच्या नजरेने, टिपणवही घेऊन, मूल खरोखर काय करते ते पाहिले.

एकदा तीन वर्षांची एक मुलगी ते दट्टे भोकांतून काढून पुन्हा बसवीत होती. संपले की पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. तिचे लक्ष नाही. तिच्यासकट तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तिने साहित्य मांडीवर घेतले आणि काम चालूच! चाळीसपेक्षा जास्त वेळा तिने ते केले आणि मग गाढ झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न होऊन थांबली. चंचल, हूड म्हणून ज्यांना नावे ठेवली जात त्या मुलांत इतकी एकाग्रता असते, हे बाईंना तिथे प्रथम दिसले.

दुसरी गोष्ट कपाटाची. साहित्य कपाटात कुलूपबंद असे आणि बाई ते वाटत असे. एके दिवशी तिला यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कुलूप लावायचेही राहिले होते. ती आली तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीचे साहित्य काढून कामाला सुरुवात केलेली. तिला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना वाटले की मुलांना काय हवे ते त्यांचे त्यांना कळते. त्यांनी उंच कपाटाऐवजी मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या फळ्या केल्या. टेबले-खुर्च्याही मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या.

तिसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. एक दिवस बाईंनी मुलांना रुमालाने नाक कसे पुसावे ते शिकवले. आवाज न करता, कुणाच्या लक्षात न येता. मुले श्वास रोखून पाहत होती. धडा संपला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या! बाई चकित झाल्या. मग उमगले. या मुलांना नाकावरून आजवर सगळ्यांनी हिणवलेले होते, पण कसे पुसायचे ते कुणी दाखवले नव्हते. गरिबाच्या मुलाला आपला अपमान झालेला कळतो, तो फक्त बोलून दाखवत नाही. हे मी अनुभवाने सांगते.

वस्तीतल्या आया स्वतः निरक्षर होत्या. पण मुले काहीतरी शिकताहेत हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांतल्या काहीजणी बाईंकडे येऊन मुलांना लिहावाचायला शिकवा म्हणून गळ घालू लागल्या. एवढ्या लहान वयात अक्षरे द्यावीत असा बाईंचा विचार नव्हता. आयांच्या आग्रहाने त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुले त्यावरून बोटे फिरवू लागली, आवाज म्हणू लागली. त्या हिवाळ्यात, गच्चीवर खडूने धुराड्याचे चित्र काढता काढता एका मुलाने अचानक अक्षरे लिहिली, आणि मग एकामागून एक मुले लिहू लागली. चार-पाच वर्षांची मुले! माँटेसरी पद्धतीत आधी लेखन आणि मग वाचन येते, ते या आयांच्या हट्टामुळे. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी सांगितली जात नाही. मला मात्र वाटते की त्या पद्धतीच्या जन्मात सान लोरेंझोच्या मोलकरणी, धोबिणी आणि मजूर बायांचा वाटा लिहिला गेला पाहिजे.

पुढची कथा कीर्तीची आहे. ७ एप्रिल १९०७ रोजी त्याच वस्तीत दुसरे घर उघडले. १९०८ साली मिलानमध्ये निघाले. १९०९ साली बाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला, १९१२ साली तो इंग्रजीत आला आणि जगभरातून माणसे रोमला येऊ लागली. डिसेंबर १९१२ मध्ये बाईंची आई वारली. त्यानंतर १९१३ साली पंधरा वर्षांचा मारिओ आपल्या आईकडे राहायला आला आणि पुढे आयुष्यभर तिचा सहकारी झाला. तरी जगाला तो बरीच वर्षे भाचा किंवा मानलेला मुलगा म्हणूनच सांगितला जाई. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा माँटेसरी वर्ग भरला आणि तो पाहायला लोकांची झुंबड उडाली. मला वाटते, इथेच कुठेतरी ही पद्धत रस्ता ओलांडून पलीकडे गेली. साहित्य महाग होते, प्रशिक्षण महाग होते. ज्यांना परवडले त्यांनी ती उचलली.

बाईंच्या हातून एक चूकही झाली, ती लपवू नये. १९२४ पासून त्यांनी मुसोलिनीच्या सरकारचा आश्रय घेतला. शाळा वाढतील अशी आशा होती. शाळा वाढल्याही. पण हुकूमशहाला आज्ञाधारक मुले हवी होती आणि बाईंच्या घरात मुले स्वतः निवड करायला शिकत होती. १९३४ मध्ये हे नाते तुटले आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीमुळे त्यांना बार्सिलोनाही सोडावे लागले. साठी उलटलेल्या बाई हॉलंडमध्ये आल्या.

आणि १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळ अड्यारला आल्या. तीनशेहून अधिक शिक्षक त्यांच्या वर्गाला जमले. परंतु जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला नेऊन ठेवले ते आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत. बाईंना अड्यारच्या आवारात अडकवले. ३१ ऑगस्टला त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. त्या दिवशी व्हाइसरॉयने भेट म्हणून मारिओची सुटका केली आणि त्या निरोपात त्याचा उल्लेख मुलगा असाच केला. बेचाळीस वर्षांनी एका परक्या सरकारच्या कागदाने आईला तिचे मूल उघडपणे दिले! अहमदनगरचा किल्ला आपण सगळे नेत्यांच्या बंदिवासासाठी लक्षात ठेवतो. त्या शहराच्या आठवणींत ही एक आठवणही असावी असे मला वाटते.

युद्ध संपेपर्यंत बाई भारतातच राहिल्या. १९४६ साली त्या परत गेल्या, १९४७ मध्ये पुन्हा आल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या येण्यापूर्वीच त्यांचा विचार आपल्याकडे रुजला होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालमंदिर चालवीत होते आणि १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये वारले, बाई भारतात येण्याच्या काही महिने आधी. ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढला. पण महाग साहित्याची शाळा गरिबांपर्यंत पोचत नाही हे त्यांना दिसत होते. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे बिया, शंख-शिंपले, माती, काड्या यांनाच त्यांनी शैक्षणिक साहित्य केले. मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा बालवाडी त्यांच्या वाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हे नाव त्यातून आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा हेच नाव देशभर गेले. माँटेसरीबाईंचे घर आयांच्या इमारतीत होते, ताराबाईंची वाडी आयांच्या अंगणात. दोघींनी एकच गोष्ट ओळखली. मूल वाढवणे हे एकट्या आईच्या शक्तीबाहेरचे काम आहे. तिच्या दाराशी, तिच्या नजरेच्या टप्प्यात, मुलाचे दुसरे घर हवे. आणि त्या घरात त्याला दया नको, मान हवा.

माझी आई आता आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिला पगार नाही, मानधन मिळते. दहा बाय बाराची भाड्याची खोली, एक वजनकाटा, भिंतीवर तक्ते आणि पत्र्याची एक पेटी. त्या पेटीत ठोकळे, मणी, कोडी आहेत. पेटीला कुलूप असे. वस्तू हरवल्या तर हिशेब द्यावा लागतो, म्हणून ती क्वचितच उघडायची. मी आईला रोमच्या त्या कपाटाची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने सेविकाताईंना सांगितली असावी, कारण पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा विटांवर एक फळी मांडली होती आणि पेटीतल्या वस्तू तिच्यावर होत्या. आईने घरचे जुने डबेही आणून ठेवले होते, लहानमोठे, झाकणांसकट.

एक मुलगी त्या डब्यांपाशी बसली होती. तिचे वडील नाक्यावर बिगारी काम शोधतात, आई इमारतीत लादी पुसते. ती झाकणे काढी, मिसळी आणि पुन्हा बसवी. चुकले की स्वतःच ओळखी. तिला शाबासकी द्यायला मी पुढे झाले, तर आईने माझा हात धरून मला मागे ओढले. मग मी मोजत बसले. एकोणीसपर्यंत मोजले आणि खिचडीची वेळ झाली.

महिनाभरात दोन ठोकळे हरवले. एक दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या चड्डीच्या खिशात सापडला. दुसरा आई अजून शोधते आहे. पेटीला मात्र तिने पुन्हा कुलूप लावलेले नाही.